तिच्याआधी पोचायचं

पोदेराचा भोंपू वळणावर वाजतो तेव्हा
मी अंगणात असते. पोय घ्यायला नव्हे.
हातात पत्र्याची सुपली आणि जुनं उलथणं,
ज्यानं आता घावन कधीच उलथणार नाही.
मोका चिकूखाली तीन फेऱ्या मारते,
पाठीची कमान करते,
मग वळून आधी माझ्याकडे बघते,
नंतर त्याच्याकडे.
तिथून आमची शर्यत सुटते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उमासे आले.
तुळशीपासून चार पावलांवर,
इतक्या घाईनं,
जणू कुणी पुढचं ताट ओढून नेणार होतं.
मी ओरडले. चप्पल फेकून मारली.
दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट घाई केली.

अननस घाल जेवणात, गॅसवाला म्हणाला.
घातला.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लाल भोपळा आणला,
वाफवून भातात कालवला.
तिनं भोपळा खाल्ला,
आणि भोपळ्याचं जे झालं तेही.
त्यावर खोल्याची मिरची पूड करून भुरभुरली,
तर शिंका मलाच, दुपारपर्यंत.

एस्पेरांसा कुंपणापलीकडून हसली,
"अगो, आमच्या पायखान्याखाली डुक्कर असायचा.
तोंड वर करून वाट बघायचा.
त्याला कुणी अननस नाही घातला.
आणि नाताळात आम्ही त्याचंच..."
वाक्य तिनं तिथंच सोडलं,
माझा सोमवार होता.

मीही कुठली सोवळी!
ह्याच आसगावच्या अंगणात दर चवथीआधी
कोपरापर्यंत शेणात हात घालून
बोटांच्या चंद्रकोरी उमटवल्या आहेत.
एका गुवाला नमस्कार,
एकाला चप्पल.

शेवटी डॉक्टरकडे नेली.
कुठली, त्यांनी विचारलं. सांगितलं,
शेजारच्या बंगल्यातल्या भाडेकरूंची.
त्यांनी फ्रिज नेला, झोपाळा नेला, कुंड्यासुद्धा नेल्या.
ही फाटकाला बांधलेली राहिली.
डॉक्टर तिचे दात बघत म्हणाले,
"घरात केलं की नाक घासत असतील त्यात.
मग कुत्रं शिकतं. पुरावा उरला नाही
तर मारही नाही."
जंतांची गोळी दिली. दोन वेळा जेवण सांगितलं.
"आणि ओरडू नका, बाई.
फक्त तिच्याआधी पोचा."

त्याच रात्री ह्यांची चादर बदलताना
गादीखाली माझा हात गेला.
टॉवेल. चौकोनी घडी,
एकट्या डाव्या हातानं घातलेली.
किती वेळ लागला असेल!
आत काय ते वासानं कळलं.
कदंबच्या बसमध्ये एकतीस वर्षं तिकिटं फाडली ह्यांनी,
हिशोबात आठ आणे कधी इकडचे तिकडे झाले नाहीत.
हे छताच्या वाशांकडे बघत होते,
कान मात्र माझ्याकडे.
गेल्या बुधवारी मी काय काय बोलले होते
ते शब्दन्‌शब्द आठवलं.

टॉवेल बादलीत बुडवला.
कोमट पाणी आणलं.
पुसताना उगाच सांगत राहिले,
एस्पेरांसाचा डुक्कर, गॅसवाला, माझ्या शिंका.
हसल्यासारखं काहीतरी
त्यांच्या ओठाच्या अर्ध्या बाजूला झालं.

आता मी दोनदा उठते.
चारला ह्यांच्यासाठी, सहाला हिच्यासाठी.
ह्यांच्याकडे वेळेवर पोचणं जमू लागलं आहे.
हिचं अजून आठवड्यातून दोनदा तरी हुकतं.
काल हुकलं.
मोका ओठ चाटत उभी,
कान पाडलेले, शेपूट पायांत,
चपलेची वाट बघत.
चप्पल माझ्या पायातच होती.
पोयचा तुकडा तोडून पुढे केला.
तिनं तो घेतला नाही.
बराच वेळ घेतला नाही.

खिडकीतून ह्यांचा आवाज आला,
अक्षरं एकमेकांत चिकटलेली,
"को... ण... जिंक..."

मी, म्हटलं. आज मीच.
सुपली रिकामी होती.
ती पाठीमागे धरून
मी आत गेले.