आला तसा

अंबडच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर थांबला
की मग कळतं, इतका वेळ तो चालू होता.
तेवढ्यात एस्तेरबाई पगारे आल्या, शरणपूर रोडवरून,
रिक्षा बाहेर उभी ठेवून,
टॉवेलात गुंडाळलेलं पितळी घड्याळ घेऊन.
घड्याळ नव्हे, बॅरोमीटर.
देवळालीच्या लिलावात त्यांच्या वडिलांनी
अकरा रुपयांना घेतलेला.

"बिघडलाय," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून.
काटा कायम वादळावर.
वैशाखातसुद्धा पप्पा छत्री घेऊन डेपोत जायचे.
लोक हसायचे."

तबकडीवर इंच होते, पाऱ्याचे.
माझ्या टेबलावरचं यंत्र हेक्टोपास्कल बोलतं:
नऊशे पंचेचाळीस.
डॉक्टरांच्या भाषेत विचारलं तर सातशे नऊ मिलिमीटर.
टायरवाल्याला पौंड लागतात, त्याला पावणेचौदा सांगावे,
किंचित कमीच.
मी कागदाच्या कडेला भागाकार मांडला,
भागिले तेहेतीस पूर्णांक शहाऐंशी.
कॅल्क्युलेटर शेजारीच होता. पण निसार मिस्त्रींनी
हातानं करायला शिकवलं होतं, आणि ते गेल्यापासून
मी त्यांचं ऐकायला लागले आहे.

मिस्त्री म्हणायचे, एकक मागून विचार,
आधी विचार, शून्य कुठं धरलंय.
पंक्चर चाकातही हवा असते, पोरी,
बाहेर असते तेवढीच.
गेजला ती दिसत नाही, म्हणून तो शून्य म्हणतो.

उत्तर आलं सत्तावीस पूर्णांक नऊ.
काटाही तिथंच. केसाइतका इकडंतिकडं नाही.

मग त्यांना सांगितलं:
ही तबकडी कुठल्यातरी बंदराच्या गावासाठी छापलेली.
तिथं काटा इतका उतरला तर पत्रे उडतात.
आपण कसारा चढून वर राहतो.
इगतपुरीला वेफर्सचं पाकीट फुगतं ना, तसं,
आपल्या वाटची दोन इंच हवा घाटाखालीच राहिली.
इथं सत्तावीस पूर्णांक नऊ म्हणजे
गोदेच्या पायऱ्यांवर चादरी वाळत घालाव्यात असा दिवस.

"म्हणजे पप्पांचं खोटं नव्हतं?"
यंत्राचं नव्हतं, असं म्हणणार होते.
म्हटलं नाही.

मागच्या बाजूला एक स्क्रू असतो.
तो फिरवला की काटा दोन इंच पुढं सरकतो,
'फेअर'च्या उंबऱ्यापर्यंत.
अर्ध्या मिनिटात अख्खं नाशिक
समुद्रकाठी नेऊन ठेवता येतं,
आणि त्यात लबाडी काही नाही, पद्धतच आहे ती.
मी पेचकस लावला.

एस्तेरबाईंनी काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं,
शेजारच्यांचं दार वाजवावं तसं,
आणि थांबल्या.
काटा थरथरला. पुन्हा वादळावर बसला.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं, टॉवेल गुंडाळताना,
"छत्री आहे अजून. दांडा तेवढा बदललाय."
बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

आमच्या प्रमाणपत्रावर दोन रकाने असतात.
आला तसा: २७.९
सोडला तसा: २७.९
शेऱ्याची ओळ अपुरी पडली, समासात लिहिलं,
काटा बरोबर. उंची नाशिकची.