तिसरं रीळ

लँकेशायरहून परत आलेल्या खोक्यात
नापास झालेले सहा टॉवेल होते,
कडेचा रंग उतरतो म्हणून,
आणि त्यांच्या घडीत, तडकू नये अशी ठेवलेली
एक तबकडी.

खरेदीवाल्या बाईंना मी सहज लिहिलं होतं :
आमच्या नान्नांनी गिरणीच्या क्लबात पाहिलेला, काळापांढरा,
तुमच्याकडचाच,
शेवटी धुकं आहे आणि एक बोट सुटते.
नाव त्यांना आठवत नाही.
बाईंना आठवलं.

वेष्टण मी मराठी करत वाचलं.
नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती. मूळ निगेटिव्हवरून.
एकेक चौकट हाताने.
नान्ना म्हणाले, एकेक? म्हणजे रफूच की.
रफूवाल्याचं नाव दिलंय का कुठं?
दिलं होतं. पुस्तिकेत, पान चौतीस, मुंगीएवढं.

यंत्रानं आधी तोंड फिरवलं :
ही तबकडी तुमच्या प्रदेशात चालणार नाही.
नान्ना हसले. क्लबाच्या दारावर पण असंच लिवलेलं,
मी पेट्या उचलायला म्हणून आत गेलो.
नवी पेठेतल्या मुश्ताकनं रिमोटवर कसलेसे आकडे दाबले,
पैसे घेतले नाहीत.

ऐकू यावं म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद.
नान्ना पडद्याला नाक लावून :
ती रेघ कुठं गेली?
उजवीकडं उभी होती बघ, ताण्यातला धागा सुटावा तशी,
बाईच्या खांद्यावरनं जायची.
पुसली त्यांनी. चांगली पुसली.

मग तिसरं रीळ.
ते क्लबात कधी आलंच नव्हतं,
कुर्डुवाडीच्या फलाटावर राहिलं म्हणे.
दुसऱ्यात बाई नवऱ्याशी भांडून खोलीत जाते,
चौथ्यात बंदरावर उभी, केस कापलेले, शांत.
मधलं सगळं नान्नांनी अम्माला सांगितलं,
तेलुगूत, ती विड्या वळताना,
चाळीस वर्षं, दर वेळी निराळं.
कधी पत्र येतं. कधी लढाईवरनं भाऊ.
एकदा तर बाई कात्रीनं पडदेच फाडते.
हजार पुऱ्या झाल्या की अम्मा तेच पुन्हा मागायची.

तबकडीत ती अकरा मिनिटं आहेत.
बाई किटली ठेवते.
कप विसळते, पुसते, पालथा घालते.
खिडकीतून शेजारीण दिसते, चादर वाळत घालणारी.
आरशाशिवाय, अंदाजानं, ती केस कापते.
वाद्यं नाहीत.
बस.

धुक्यात बोट सुटली. नावं वर सरकली.
नान्ना म्हणाले,
पडदे नाही फाडत गं ती.
आणि कूलर लावल्यावर, फोटोकडे न बघता,
राहू दे. हे तिला नको सांगायला.

रात्री मी बाईंना लिहिलं :
मिळाली, आभारी आहे. कडेचा रंग पक्का करून पाठवतो.
आणि नान्ना विचारतायत,
रेघ असलेली, तिसरं रीळ नसलेली
अशी एखादी प्रत
तुमच्याकडे निघते का?