मोजकाठी

पाणवठ्यात मी काठी रोवतो.
ऐनाची. खाचा माझ्याच कोयत्याच्या.
दाजीपूरच्या सड्यावर दुसरं माप चालत नाही.

चौथी खाच आधी मेअखेरीला उघडी पडायची,
औंदा होळीलाच.
साहेब म्हणाले, झोरे, वहीत लिवा.
लिवलं.
वहीतनं पाणी निघत नाही, तेवढं लिवलं नाही.

मग आम्ही तिघांनी दोन रात्री
जांभ्याच्या भेगेतल्या झऱ्याचा गाळ उपसला.
घमेली अलगद ठेवत,
बॅटरी नाही, विडी नाही.
माणसाचा वास राहिला तर गवा फिरकत नाही,
आणि तहानलेला गवा उतरतो खाली
उसात,
उसातनं डांबरीवर,
डांबरीवरनं थेट रंकाळ्याच्या दिव्यांत.
पुढं शिट्ट्या, मोबाईल, गल्लीच्या तोंडाला पोरांची भिंत,
आणि मधोमध त्याचं धपापणं.
एकदा बघितलंय. पुन्हा नको.

तिसऱ्या पहाटे गेलो.
झरा करंगळीएवढा.
चिखलात खूर: एक थोरला,
एक माझ्या मुठीत मावेल एवढा.
काठी कलंडलेली, सालीला काळे केस.
कुणीतरी अंग घासून गेलं होतं.

सरळ केली नाही.
आजचं माप
तिरकंच लिवलं.