रात्रपाळी, मे महिना

चोपड्याच्या दवाखान्यात रात्रीचे तीन.
पंखा फिरतो, हवा जागची हलत नाही.
घरी सोडलेल्या पेशंटना मीच सांगते:
वेळेवर जेवा, आठ तास झोपा, चहा कमी करा.
सांगताना माझ्याच तोंडाला चहाचा वास.

या आठवड्याचा हिशोब:
सोमवारी गेटवरचा समोसा. मंगळवारीही,
बहुतेक सोमवारचाच.
बुधवारी बाळंतिणीच्या घरच्यांनी दिलेले पेढे, जेवण म्हणून.
चहा मोजणं मी सोडलंय.

गावित सिस्टर, नवापूरच्या, निवृत्तीला टेकलेल्या.
दहाला जेवतात, दीडला दही अन् अर्धी कळण्याची भाकरी,
मग उजाडेपर्यंत नुसतं पाणी.
"रात्री तळकट घातलंस ना पोटात,
की ते दिवसा तुझी झोप खातं."
सकाळी घरी जाताना काळा गॉगल लावतात,
सूर्याला कळू द्यायचं नाही म्हणे, ड्युटी सुटली ते.

मी हो म्हणते. समोसा आणते.

काल सात नंबरच्या आजीनं
सलाईन बदलताना मनगट धरलं माझं,
नाडी तिनंच बघावी तसं.
"जेवनी का व माय तू?"
चार्टमध्ये या प्रश्नाला रकाना नाही.
म्हटलं, हो.
"खोटं बोलस."

मग डबा उघडला. दादरची भाकरी, गिलक्याची भाजी,
घरून सहाला भरलेली, गार.
स्टुलावर बसून जेवले.
उभ्यानं नाही. बसून.

सकाळी पारा बघता बघता चाळिशीपार.
खिडकीला ओली चादर, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी,
पण खरी भीती गच्चीची:
भंगाळे काकूंचे बिबडे वाळत पडलेत,
अन् कावळे हाकलायला पोरं पत्र्याचा डबा बडवतात,
थेट माझ्या कपाळावर.
जिन्यात चिठ्ठी लावली: रात्रपाळी आहे. झोपले आहे.
आणि आडवी झाले, फारशी आशा न ठेवता.

जाग आली तेव्हा अडीच.
इतकी शांतता, की काहीतरी बिघडलं असं वाटलं.
वर गेले.
पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक अनोळखी पोर,
सुट्टीत आलेली काकूंची नात असावी,
काठीला लाल चिंधी बांधून
बिबड्यांवरून हलवत होती, आवाज न करता.
मला पाहून ओठांवर बोट ठेवलं तिनं:

"श्श. खाली सिस्टर झोपल्यात."

मी चप्पल हातात घेतली,
दबक्या पायांनी जिना उतरले,
आणि झोपले पुन्हा.