तक्रार : काचेवर पाणी येत नाही

उद्यमनगरात दुपारी दोनला लेथ थांबतात,
तेवढ्या अर्ध्या तासात मी मोटारी ऐकून घेतो.
वॉशरची मोटर मुठीएवढी,
एरवीच्या गोंगाटात तिचं गुणगुणणं कुठलं ऐकू येणार?

जिनगोंडा मगदूम शिरोळहून आले होते.
पांढरी गाडी, बॉनेटवर कारखान्याची काजळी,
काचेवर वायपरनं ओढलेले दोन चिकट पंखे.
बाजूच्या सीटवर बायको,
तिच्या मांडीवर पाण्याची बाटली,
टोपणाला खिळ्यानं पाडलेलं भोक.

"हंगाम सुरू झाल्यापासनं हाच कारभार, ओ.
मी म्हणायचं 'मार',
की हिनं खिडकीतनं हात काढून मारायचं."
ती हसली नाही. दंडावरची बाही अजून ओली होती.

एकानं फ्यूज बदलला.
एकानं मोटर नवी टाकली, साडेसातशे घेतले.
तिसरा म्हणाला, पाव्हणं, पाऊस पडेस्तोवर दम धरा की.

चावी फिरवली, दांडी ओढली.
टाकी भरलेली. कान लावला.
धाप नाही, कण्हणं नाही.
मुकी मोटर आणि मेलेली मोटर
बाहेरून सारखीच दिसते.

मग दस्तगीरचाचांचा दिवा काढला:
इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा, एक दाभण.
मीटर आहे माझ्याकडे, चांगला, आकडेवाला.
पण आकडा बारा दाखवतो आणि काम होत नाही
तेव्हा दिवाच लागतो.
मीटर नुसतं विचारतो,
दिवा ओझं उचलायला लावतो.

चिमटा बॉडीला, दाभण सॉकेटात.
"वहिनी, दांडी ओढा."
पेटला.
म्हणजे फ्यूज शहाणा, दांडी शहाणी,
वीज इथवर चालत आलेली.
मोटर सोडवून सरळ बॅटरीला लावली,
फुर्र! माझ्या बुटात पाणी.
जुनीपण बहुतेक चांगलीच असणार,
ते मी बोललो नाही.

आता चिमटा उलटा, बॅटरीच्या प्लसला,
दाभण काळ्या वायरीला.
दिवा गप्प.

"अर्थ नाही," मी म्हणालो.
मगदूम दचकले. "कशाला?"
"या वायरीला, हो. वीज येते,
परत जायला वाट नाही.
हिचं पुढचं अंग कधी रंगवलं?"

दोघं एकमेकांकडे बघेनात.
मग तीच बोलली.
नांदणी फाट्याला. रात्री.
ट्रॉलीच्या मागं लाल फडकंसुद्धा नव्हतं.
काच माखलेली, समोरच्या ट्रॅक्टरचा उजेड
सगळ्या काचेवर फुटला.
ह्यांनी दांडी ओढली होती. पाणी आलंही होतं तेव्हा.
पुसून होईस्तोवर...
तिनं बाटली या हातातून त्या हातात घेतली.

डाव्या चाकाच्या कमानीत, अस्तर सोडवल्यावर,
तो बोल्ट सापडला.
रंगवाल्यानं मन लावून काम केलेलं.
पत्र्याला दोन हात, मग वायरीचं कडं, नट,
वरून आणखी एक हात.
काही घडलंच नव्हतं, इतकं नीट.

घासकागद घेऊन बसलो
रुपयाएवढा पत्रा चमकेपर्यंत.
नट आवळला, वर ग्रीसचं एक बोट.
एव्हाना लेथचा आवाज सुरू झाला होता,
ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.
"ओढा."

एक धार काचेवर.
दुसरी टपावरून पलीकडे,
चहा आणणाऱ्या पोराच्या शर्टावर.
"आयला!"
मगदूम ओढतच राहिले,
टाकी संपेल म्हटलं तरी ओढत राहिले.
टाचणीनं मी नोझल खाली वळवलं.

दीडशे सांगितले. "एवढंच?"
दहा घासकागदाचे, बाकी शोधण्याचे.

गाडी मागं घेताना दिसलं,
तिनं ते भोकाचं टोपण काढलं,
बाटली तोंडाला लावली
आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.