पाठमोरी सीट

विल्फ फ्रीसेननं पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, कोठारामागून उचलून न्या,
तेवढीच माझी जागा मोकळी.
ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा चारही चाकं
फिरायचं विसरून गेलेली;
बर्फावरून घसटत आली,
बाजारातून आणलेल्या हट्टी गायीसारखी.

अडुसष्टची प्लायमाउथ, लांबलचक स्टेशन वॅगन.
कुशीवर लाकडाची नक्षी. लाकूड नव्हेच ते,
चिकटवलेला प्लास्टिकचा थर,
उन्हानं पापुद्रे सुटलेला.
बाबांची अशीच होती.
हीच, असं मी म्हणत नाही. ओरेस्ट म्हणतो.
दारावरचा ओरखडा दाखवतो: "हा तुझ्या सायकलचा."
आपली हिरवी होती, मी म्हटलं.
"मग नंतर कुणीतरी रंग दिला असेल."

सास्कॅचेवानचा हिवाळा, बाहेर उणे बत्तीस.
पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये लाकडाची शेगडी.
तिच्यापासून तीन हातांवर बोटं चालतात,
चौथ्या हातावर पाना कातडीला चिकटतो.
एकेक बोल्ट म्हणजे एकेक भांडण:
रात्रभर तेलात भिजवायचा,
सकाळी शिव्या घालायच्या, मग तापवायचा,
आणि एवढं करून तुटतोच.
डोकं हातात, धड आत.

दाराखालची पट्टी गंजानं खाल्ली होती.
आईच्या जुन्या फ्रिजचं दार कापून ठिगळ लावलं.
ठिगळावर एक गोल,
कुठल्याशा चुंबकाखाली राहून गेलेला पांढरा.
वेल्डिंगची ठिणगी तिथं नेताना
माझा हात उगाच थांबला.

ओरेस्टचा उजवा पाय ऑगस्टमध्ये गेला,
गुडघ्याखाली.
साखर, डॉक्टर म्हणाले. साखर, तोही सांगतो लोकांना,
ओळखीच्या चोराचं नाव घ्यावं तसं.
उलट्या बादलीवर बसून तो कार्बुरेटर धुतो
दात घासायच्या ब्रशनं
आणि न मागता सल्ले देतो.
यॉर्कटनच्या भंगारातून कम्बाइनचा एक दांडा आणला,
स्टिअरिंगच्या डावीकडे बसवला.
ढकलला की ब्रेक, ओढला की पेट्रोल.
चार वेळा काढला, पाच वेळा लावला.

मागची सीट काढून टाक, सगळे म्हणाले.
विल्फ म्हणाला, गादी टाका,
तळ्यावर मासे धरायला गेलात तर झोपता येईल.
नाही काढली.
धाकटा म्हणून ओरेस्ट तिथं बसायचा,
मागच्या काचेकडे तोंड करून.
आम्हाला पुढं काय येतंय ते दिसे;
त्याला काहीही दिसायचं ते निघून जाताना:
धान्याचा उंच एलेव्हेटर, चर्चचा कांद्यासारखा घुमट,
धूळ, आणि धुळीत मागं धावणारं कुत्रं,
लहान लहान होत गेलेलं.
या रस्त्यावरची गावं त्याला अजून उलटीच पाठ आहेत.

फेब्रुवारीत रंग खरवडला.
तपकिरी. त्याखाली राखाडी.
त्याखाली पत्रा.
हिरव्याचा कण नाही.
तो यायच्या आत मी जमीन झाडून घेतली
आणि हिरव्या रंगाचे दोन डबे मागवले.

मार्चअखेर, तिसऱ्या खेपेला, ती खोकली,
मग लागलीच सुरू. धूर इतका
की कुबड्या कुठं ठेवल्या तेच दिसेना.
ओरेस्टनं हीटरचा खटका ओढला;
आधी उंदराच्या घरट्याच्या चिंध्या,
मग भुसा, भसाभसा, तोंडावर, भुवयांत,
बाबांच्या कापणीच्या दिवसांसारखा वास.
त्यानं एक कुसळ चिमटीत धरलं, उजेडाकडे नेलं.
"बघ," म्हणाला, "आपलाच गहू."

जव होता.
"दार उघडते," मी म्हटलं.

उघडलं, आणि मागून चढून
त्या सीटवर बसले, गुडघे हनुवटीशी.
त्यानं दांडा ओढला. जरा जास्तच.
शेडचं कमानीसारखं तोंड मागं सरकलं,
आत शेगडी जळतीच राहिली होती,
एक लाल ठिपका, लहान, आणखी लहान.
"काय दिसतंय?" तो पुढून ओरडला.