मैलकुली

सहाव्या वळणावर मांजरं बसायची.
पहाटे साडेचारला मालवणकडून मासळीचा टेम्पो चढायचा,
वळताना बर्फाचं पाणी सांडायचं डांबरावर,
कधी एखादा पेडवा, कधी नुसताच वास.
तेवढ्यावर त्यांच्या तीन पिढ्या जगल्या.
माझी एक.
मस्टरवर नाव : बिरू धोंडी बोडके, मैलकुली,
गगनबावड्याच्या नाक्यापासून खाली नऊ किलोमीटर.

काम काय, तर घाट जागेवर ठेवायचा.
तो दर पावसाळ्यात कोकणात उतरू बघायचा,
आम्ही फावड्यानं त्याची समजूत घालायचो.
मैलाच्या दगडांना चुना, डोक्यावर पिवळा पट्टा.
कठड्याला लागलेला रंग बघून
ट्रक कुठल्या गावचा ते सांगायचो.

मग यंत्रं आली.
देशिंगकर मॅडमनी डोंगराला बारीक भोकं पाडून
आतला दगड काढला, काठीसारखा गोल,
आणि लाकडी पेट्यांत ओळीनं निजवला.
काळा, काळा, काळा,
मग वीतभर लाल.
"ही माती आहे, बिरूमामा.
एक लाव्हा निवला आणि दुसरा यायचा होता,
तेवढ्या वेळात झालेली. साडेसहा कोटी वर्षं झाली."
मी चिमटीत धरली, जिभेला लावली.
आमच्या परड्यातल्यासारखीच लागली.
एवढ्या वर्षांत कुणी काही पेरलं नव्हतं तिच्यात.

झारखंडचा सोमरा ड्रिलवर होता.
त्याच्या नि माझ्या बोलीत तीनच शब्द सारखे :
तंबाखू, पगार, घर.
रात्री सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी एकदाच बोलायची,
आणि बायको कूस बदलत म्हणायची,
"सोमरा दीड वाव फुडं सरकला."

लोक विचारतात, घाट ओस पडला, वाईट वाटतं का.
मी एक रात्र सांगतो.
चौथ्या वळणाला दरड. दरडीखालच्या अंगाला जीप,
जीपमध्ये वैभववाडीकडची बाळंतीण,
कोल्हापूरला सीपीआरला निघालेली.
आम्ही सहाजण, एक कंदील, दोन बॅटऱ्या.
पहारेनं, मग हातानं.
एकाच धोंड्यानं अडीच तास खाल्ले.
ताडपत्रीखाली पोरगं रडलं.
बाई नाही रडली.
उजाडता रस्ता मोकळा झाला.
साहेबांनी डायरीत लिहिलं : वाहतूक सुरळीत.

तेव्हा बोगदा हवाच.
हे मी देवळात सांगेन, कोर्टात सांगेन.

आरपार झाला तेव्हा पहिलं भोक नारळाएवढं होतं.
त्यातून खालचा दमट वारा आला,
सोमरानं त्यात तोंड घातलं आणि हसला.
मॅडमनी मोजलं. दोन्हीकडून खणत आलेले
चार बोटं चुकले होते.
सोयरिकीत याहून जास्त चुकतं.

आता सात मिनिटं लागतात.
नातवाच्या गाडीवर मागं बसून गेलो.
दिवे, दिवे, दिवे. कानात दडे.
वळणच नाही, मग हॉर्न कुणाला द्यायचा?
मधोमध म्हणालो, "थांब जरा,
लाल माती हितंच कुठंतरी असंल."
"आबा, हितं थांबायचं न्हाई. बोर्ड हाय."
भिंतींवर सिमेंट फवारलेलं,
साडेसहा कोटी वर्षं आणि कालची रात्र
एकाच करड्या रंगात.

मासळीचा टेम्पोही आतूनच जातो.

आज अंधारात चालत घाट उतरलो.
डांबराच्या भेगांत गवत आलंय,
दगडांवरचा चुना उडालाय,
माझा हात उगाच कुंचला शोधत राहिला.
सहाव्या वळणावर मांजरं होती.
दोन. तिसरी दिसली नाही.
कान खालच्या अंगाला लावून बसलेली.
मी त्यांच्या शेजारी टेकलो.
खिशात सुका बांगडा होता, कागदात गुंडाळलेला.
लगेच काढला नाही.
साडेचार वाजू दिले.